‘रन’ झालं म्हणजे ‘सबमिट’ झालं नाही: ऑनलाइन प्रोग्रॅमिंग कोर्सच्या साइटवर वाट कशी काढायची

“कोड बरोबर आहे, माझ्याकडे चालतोय, पण साइट शून्य मार्क दाखवतेय.” नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार ही आहे. शेजारी बसून पाहिलं की कोडमध्ये फारसं काही निघत नाही. कुणी रन केलेलं असतं पण सबमिट केलेलं नसतं. कुणी गेल्या वर्षीच्या पानावरची असाइनमेंट सोडवून बसलेलं असतं. कुणाची एकाच साइटवर दोन खाती असतात आणि अर्धं काम एकात, अर्धं दुसऱ्यात पडलेलं असतं.

मीही यातून गेलोय. पहिल्याच कोर्समध्ये तीन आठवडे इमानदारीने ‘सेव्ह’ दाबत राहिलो. दर वेळी हिरवी खूण यायची, मी खूश व्हायचो. चौथ्या आठवड्यात प्रगतीचं पान उघडलं तर तिथे तीन शून्यं रांगेत उभी. सेव्ह म्हणजे फक्त ‘तुमचं लिखाण जपून ठेवलं’, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून हा लेख. यात प्रोग्रॅमिंग शिकवलेलं नाही. कोर्सच्या साइटवर कुठे काय असतं, कोणत्या क्रमाने उघडायचं आणि माणसं नेमकी कुठे घसरतात, एवढंच सांगितलंय.

## टप्पा १: नोंदणीच्या आधी

‘एनरोल’च्या बटणाकडे हात जाण्याआधी कोर्सच्या माहितीच्या पानावर चार गोष्टी शोधा.

कोर्स तारखांचा आहे की आपापल्या गतीचा? तारखांच्या कोर्समध्ये प्रत्येक असाइनमेंटला मुदत असते. ‘सेल्फ-पेस्ड’ कोर्समध्ये आठवड्यांची सक्ती नसते, पण त्यालाही शेवटची तारीख असू शकते. ‘सेल्फ-पेस्ड’ वाचून माणसं निवांत होतात आणि ती शेवटची तारीख बघायची राहते.

फुकट म्हणजे नेमकं काय फुकट? इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात. एमआयटी ओपन कोर्सवेअरवर नोंदणीच लागत नाही. साहित्य खुलं आहे, पण तुमचं काम तपासायला कुणी नाही आणि प्रमाणपत्रही नाही. एडएक्स या कोर्सच्या साइटवर ‘ऑडिट’ हा विनामूल्य मार्ग निवडला तर शिकवणं पाहता येतं, पण ते ठरावीक मुदतीपुरतं, आणि मार्क असलेल्या असाइनमेंट बऱ्याचदा कुलूपबंद असतात. हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारा कोर्स एडएक्सवरही आहे आणि त्यांच्या स्वतःच्या साइटवरही. काम पूर्ण केल्यावर कोर्सकडून मिळणारं प्रमाणपत्र विनामूल्य असतं, तर एडएक्सच्या ‘व्हेरिफाइड’ प्रमाणपत्राला पैसे पडतात. हे आधी माहीत नसलं की माणूस अर्ध्या वाटेवर कुलूप बघतो आणि फसवलं गेल्यासारखा चिडतो.

ही कोणत्या वर्षाची आवृत्ती? काही कोर्स दर वर्षी नव्याने निघतात आणि जुन्या वर्षाची पानं तशीच उघडी राहतात. सीएस५०च्या पत्त्यात वर्षाचा आकडाच असतो. सर्च इंजिनमधून गेलात तर जुन्या पानावर उतरण्याची शक्यता मोठी. धडे जवळपास सारखेच दिसतात, पण असाइनमेंट बदललेली असू शकते आणि सबमिट करायचा मार्गही.

भाषेची आवृत्ती कोणती? पायथॉन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी बंद झाला. तरीही त्यावर बेतलेले जुने कोर्स अजून सापडतात. उदाहरणांत ‘प्रिंट’नंतर कंस दिसत नसेल तर तो कोर्स पायथॉन २ चा आहे. सोडून द्या, दुसरा बघा.

नोंदणी करताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून करा. पहिली म्हणजे लॉग इनचा एकच मार्ग ठरवा. आज गूगलच्या बटणाने आणि उद्या ईमेल-पासवर्डने आत गेलात तर काही साइट दोन वेगळी खाती बनवतात. ‘माझी प्रगती पुसली गेली’ अशी ओरड ऐकली की मी आधी हेच विचारतो, “कोणत्या बटणाने आत गेलात?” दुसरी गोष्ट नावाची. प्रमाणपत्रावर खात्यातलं नाव छापलं जातं, म्हणून गंमतीचं टोपणनाव ठेवू नका.

> सावधान: काही साइटवर लॉग इन न करताही धडे सोडवता येतात. फ्रीकोडकँप त्यांपैकी एक. धडा चालतो, उत्तर बरोबर येतं, पण खात्यात नोंद होत नाही. कोपऱ्यात तुमचं नाव किंवा चित्र दिसतंय ना, हे बघूनच कामाला लागा.

## टप्पा २: पहिला अर्धा तास, एकही व्हिडिओ न बघता

आत गेल्याबरोबर साइट तुम्हाला पहिल्या व्हिडिओसमोर नेऊन बसवते. ‘स्टार्ट’चं मोठं बटण त्यासाठीच असतं. ते दाबू नका. आधी घर फिरून बघा.

खालच्या क्रमाने जा. हा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवलाय, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे:

१. प्रगती किंवा ‘ग्रेड्स’चं पान. आत्ता ते रिकामं असेल, आणि म्हणूनच आत्ता बघायचं. कोर्स कोणकोणत्या गोष्टी मोजतो त्याची यादी तिथे असते. त्या यादीत नसलेली गोष्ट मार्कांसाठी मोजली जात नाही, मग तिच्यापुढे कितीही हिरव्या खुणा असोत.

२. अभ्यासक्रम आणि मार्कांची विभागणी. इथे तीन प्रश्नांची उत्तरं काढा. उत्तीर्ण व्हायला किती टक्के लागतात? एखादी असाइनमेंट सोडली तर चालते का? अनेक प्रयत्न केले तर सगळ्यात चांगला धरतात की शेवटचा? शेवटचा धरत असतील तर पूर्ण मार्क मिळाल्यावर ‘जरा नीट करून’ पुन्हा सबमिट करणं अंगाशी येऊ शकतं.

३. तारखांचं पान. तारखेच्या शेजारी कोणता टाइम झोन लिहिलाय ते वाचा. ‘२३:५९ यूटीसी’ (यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे तुमच्या घड्याळातले ११:५९ नव्हेत. काही साइट तुमच्या खात्यातल्या सेटिंगनुसार वेळ बदलून दाखवतात, काही दाखवत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन तुमचा टाइम झोन घाला आणि तारखा पुन्हा बघा. आकडा बदलला तर साइट वेळ बदलून देते, नाही बदलला तर हिशेब तुम्हालाच करायचाय.

४. नेहमीचे प्रश्न आणि प्रामाणिकपणाचे नियम. दुसऱ्याचा कोड, इंटरनेटवरची उत्तरं, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं यांपैकी काय चालतं आणि काय नाही, ते इथे लिहिलेलं असतं. हे कोर्सागणिक बदलतं. एका ठिकाणी परवानगी आहे म्हणून दुसरीकडेही असेल असं धरून चालू नका.

५. धड्यांची यादी. आता उघडा, पण फक्त आकार बघायला. किती आठवडे, कुठे असाइनमेंट, कुठे मोठा प्रकल्प.

प्रगती, तारखा, चालू असाइनमेंट आणि मदत विभाग ही चार पानं बुकमार्क करा. मुखपृष्ठ बुकमार्क करून फायदा नाही. तिथून दर वेळी नव्याने वाट शोधावी लागते, आणि साइटवाले मुखपृष्ठ सारखं बदलतात.

> तपासा: साइट बंद करून, न बघता सांगता येतंय का, की पहिली मार्कांची गोष्ट कोणती, ती कधीपर्यंत द्यायची आणि कुठे द्यायची? तिन्ही सांगता आलं तर पुढे चला.

## टप्पा ३: कोड कुठे लिहायचा ते पक्कं करा

कोर्स तुम्हाला तीनपैकी एका जागी कोड लिहायला लावतो. कोणती जागा आपली, हे नीट न समजल्याने गेलेलं काम मी बरंच पाहिलंय.

पानातलाच एडिटर. डावीकडे प्रश्न, उजवीकडे कोड, खाली आउटपुट. सोपं आहे, पण एकच धडा दोन टॅबमध्ये उघडा ठेवू नका. जुन्या टॅबमधला कोड नव्यावर चढून बसू शकतो. ‘रीसेट’चं बटण ‘रन’च्या शेजारी असण्याची एक वाईट पद्धत आहे. ते दाबलं की तुमचं सगळं पुसून मूळ नमुना परत येतो.

क्लाउडमधली कामाची जागा. ब्राउझरमध्ये उघडतं, पण मागे खरं मशीन चालू असतं. गिटहब कोडस्पेसेसमध्ये मूळ सेटिंग असं आहे की ३० मिनिटं हालचाल नसेल तर ते मशीन थांबतं, आणि ३० दिवस वापरलं नाही तर ती जागाच हटवली जाते. थांबणं निरुपद्रवी आहे, पुन्हा चालू करता येतं. हटवलं जाणं निरुपद्रवी नाही. गूगल कोलॅबमध्ये वेगळीच गंमत आहे. नोटबुक, म्हणजे कोड आणि टिपणं एकत्र ठेवणारी फाइल, ड्राइव्हमध्ये टिकतं, पण सत्र संपलं की त्या सत्रात चढवलेल्या फाइल जातात. काल चालणारा कोड आज ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो तो यामुळे.

तुमचा स्वतःचा संगणक. इथे सुरुवातीला एक-दोन दिवस मांडणीतच जातात, ते धरूनच चला. कोर्ससाठी एकच फोल्डर करा, त्यात आठवड्यागणिक एक फोल्डर. फोल्डरच्या नावात रिकामी जागा ठेवू नका, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती त्रास देते. विंडोजवर फाइलच्या नावाचं शेपूट मूळ सेटिंगमध्ये लपलेलं असतं. त्यामुळे नोटपॅडमध्ये ‘डॉट पीवाय’ने जपलेली फाइल प्रत्यक्षात ‘डॉट पीवाय डॉट टीएक्सटी’ होऊन बसू शकते आणि दिसताना बरोबर दिसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. कीबोर्ड देवनागरीवर राहिला आणि कोडमध्ये ‘5’च्या जागी ‘५’ पडला, की पायथॉन ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून थांबतो. गंमत अशी की वापरणाऱ्याने इनपुट म्हणून ‘५’ टाइप केला आणि तो ‘इंट’मधून (मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनमधून) काढला तर पायथॉन तो बिनतक्रार पाच म्हणून स्वीकारतो. म्हणजे डेटात चालतो, कोडमध्ये नाही. कोड लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर. एवढी शिस्त हवी.

> तपासा: एका ओळीचा प्रोग्रॅम लिहा, चालवा, ब्राउझर किंवा एडिटर पूर्ण बंद करा, परत उघडा. कोड आहे तिथेच आहे का? नसेल तर आत्ताच शोधा तो कुठे गेला. हजार ओळींनंतर शोधण्यापेक्षा एका ओळीनंतर शोधणं स्वस्त.

## टप्पा ४: धडा उलटा वापरा

साइटची मांडणी असते व्हिडिओ, मग वाचन, मग प्रश्नमंजुषा, मग असाइनमेंट. तुम्ही आधी असाइनमेंट उघडून वाचा. सोडवायची नाही, फक्त वाचायची. काय मागितलंय हे डोक्यात असलं की व्हिडिओत नेमकं कुठे कान टवकारायचे ते कळतं.

व्हिडिओखाली बऱ्याचदा ‘ट्रान्स्क्रिप्ट’ असतं, म्हणजे बोललेलं सगळं लिखित. पानावर कंट्रोल आणि एफ दाबून त्यात शब्द शोधता येतो. ‘रिकर्शन कुठे समजावलं होतं?’ यासाठी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मागेपुढे ओढणाऱ्यांना हे सांगितलं की ते कपाळावर हात मारतात.

वेग दीडपट करायला हरकत नाही, पण पडद्यावर कोड आला की थांबवा आणि स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट नको. त्यामागे शिस्तीपेक्षा एक साधं कारण आहे. पीडीएफ किंवा वर्डमधून उचललेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात, आणि ती बहुतेक भाषांना पचत नाहीत.

व्हिडिओपुढची हिरवी खूण म्हणजे साइटने नोंदवलं की तुम्ही ते पान पाहिलंत. बाकी तिचा अर्थ काही नाही.

## टप्पा ५: सेव्ह, रन, चेक, सबमिट

आता मुख्य भाग. ही चार वेगळी कामं आहेत. बऱ्याच साइटवर त्यांची बटणं एकमेकांना चिकटून असतात, काहींवर दोन कामं एकाच बटणात असतात, आणि नावं साइटगणिक बदलतात. म्हणून नावापेक्षा काम ओळखा.

सेव्ह: तुमचं लिखाण जपलं गेलं. कोड चुकीचा असला तरी जपलं जातं.

रन: तुमच्या कोडला एकदा चालवून आउटपुट दाखवलं. इनपुट तुम्ही दिलेलं, तपासणारेही तुम्हीच.

चेक: कोर्सच्या काही चाचण्या तुमच्या कोडवर चालवल्या. मार्क लागले असं नाही.

सबमिट: काम मूल्यमापनासाठी पोहोचलं. मार्क इथून लागतात, तेही कधी लगेच, कधी काही वेळाने.

सीएस५०मध्ये हे अगदी लख्ख दिसतं. तिथे ‘चेक५०’ आणि ‘सबमिट५०’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. चेक५०मध्ये हिरवा हसरा चेहरा म्हणजे चाचणी पास, लाल रडका म्हणजे नापास, आणि पिवळा निर्विकार म्हणजे आधीची चाचणी अडल्यामुळे ही चालवताच आली नाही. सगळे चेहरे हिरवे झाले तरी काम अजून तुमच्याकडेच आहे. सबमिट५० चालवल्याखेरीज ते जमा होत नाही. पिवळ्यांचा विचार करत बसू नका, पहिला लाल सुटला की ते बऱ्याचदा आपोआप रंग बदलतात.

काही साइटवर सबमिटनंतरही एक पायरी उरते. एक्झर्सिझम या सरावाच्या साइटवर उत्तर पाठवल्यावर चाचण्या चालतात, पण व्यायाम ‘पूर्ण’ म्हणून खूण करणं हे वेगळं काम आहे.

क्रम असा ठेवा:

१. असाइनमेंटमधलं नमुना इनपुट देऊन रन करा. आउटपुट नमुन्याशी अक्षर-अक्षर जुळवा, अंदाजाने नाही.

२. नमुन्यात नसलेलं इनपुट द्या: शून्य, ऋण संख्या, रिकामी ओळ, खूप मोठा आकडा, एकच घटक असलेली यादी. लपवलेल्या चाचण्या बहुतेक इथेच मारतात.

३. जुपिटर नोटबुक असेल तर कर्नल (मागे कोड चालवणारं इंजिन) नव्याने सुरू करून वरपासून खालपर्यंत सगळे सेल, म्हणजे कोडचे तुकडे, चालवा. तुम्ही सेल पुढेमागे चालवलेले असतात, एखादा व्हेरिएबल खोडलेल्या सेलमधून स्मरणात राहिलेला असतो. तपासणारं यंत्र सरळ वरून खाली जातं आणि त्याला तो सापडत नाही.

४. चेक असेल तर चेक.

५. सबमिट. मग पानावर येणारा संदेश वाचा. ‘सबमिशन रिसीव्ह्ड’ आणि ‘ड्राफ्ट सेव्ह्ड’ यांत फार फरक आहे.

६. प्रगतीच्या पानावर जाऊन नोंद झाली का बघा. लगेच दिसली नाही तर काही मिनिटांनी पान रिफ्रेश करा.

सहावी पायरी माझी तीन शून्यांची फी भरून शिकलेली आहे. आता ती सोडत नाही.

> सावधान: प्रयत्नांची संख्या मर्यादित असेल तर ‘सबमिट’ हे बटण ‘रन’सारखं वापरू नका. उरलेले प्रयत्न बटणाजवळच लहान अक्षरात लिहिलेले असतात.

> सावधान: शेवटच्या दहा मिनिटांसाठी सबमिशन ठेवू नका. अर्धवट का होईना, आधी एकदा पाठवा. नियम सर्वोत्तम प्रयत्न धरण्याचा असेल तर त्यात काही गमावत नाही, आणि सबमिट करायची वाट चालू आहे हेही कळतं.

## टप्पा ६: ग्रेडर ‘नाही’ म्हणतो तेव्हा

आपोआप तपासणारं यंत्र हुशार नसतं, काटेकोर असतं. ते तुमचा हेतू बघत नाही. खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा, कारण सोप्या वर आहेत:

- फाइलचं आणि फंक्शनचं नाव. एक अक्षर कॅपिटल झालं तरी यंत्राला ते दुसरंच नाव. फाइल योग्य फोल्डरमध्ये हवी.
- आउटपुटमधली जादा अक्षरं. शेवटी एक रिकामी जागा, एक जादा ओळ, उद्गारचिन्ह राहिलेलं. शिवाय ‘संख्या द्या:’ अशी प्रेमळ सूचना तुम्ही इनपुट मागताना छापली असेल तर तीही आउटपुटमध्येच मोजली जाऊ शकते. मागितली नसेल तर काढा.
- ‘प्रिंट’ की ‘रिटर्न’. नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी अडचण. पडद्यावर उत्तर दिसतं म्हणून बरोबर वाटतं, पण चाचणी फंक्शनकडून परत आलेली किंमत बघते, आणि पायथॉनमध्ये ‘रिटर्न’ नसेल तर परत येतं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’. पडद्यावर काय दिसलं याच्याशी चाचणीला देणंघेणं नाही.
- मजकूर की संख्या. पायथॉनमध्ये ‘इनपुट’मधून येणारं सगळं मजकूर असतं. त्यामुळे २ आणि ३ ची बेरीज २३ दिसली तर दचकू नका.
- दशांश. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवतो. ही साइटची चूक नाही, संगणक दशांश द्विमान पद्धतीत साठवतो त्याचा परिणाम आहे. किती दशांश स्थळं मागितली आहेत ते वाचून पूर्णांकन करा.
- वेळ संपली. लूप थांबत नाहीये, किंवा प्रोग्रॅम असं इनपुट मागतोय जे ग्रेडर देतच नाही. टर्मिनलमध्ये अडकलेला प्रोग्रॅम कंट्रोल आणि सी दाबून थांबवता येतो.
- टॅब आणि स्पेस. ओळीच्या सुरुवातीच्या जागेत दोन्ही मिसळले की पायथॉन अडतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

एरर आली तर पायथॉनमध्ये खालून वाचायला लागा. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठे बिघडलं ते. बहुतेक जण पहिली ओळ वाचून घाबरतात आणि पान बंद करतात.

एवढं सगळं करूनही कोड बरोबरच वाटत असेल तर मग साइटवर संशय घ्या, पण तोही क्रमाने. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून पान ताजं करा, म्हणजे ब्राउझर जपून ठेवलेली जुनी प्रत न वापरता पान नव्याने मागवतो. मग खासगी विंडोत लॉग इन करून बघा. तिथे चाललं तर दोष बहुधा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा कुकीजचा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनं कधीकधी एडिटरलाही अडवतात. हे सगळं करण्याआधी कोड कॉपी करून बाहेर एका फाइलमध्ये ठेवा. पान ताजं करण्याच्या नादात तासाभराचं काम घालवलेले लोक थोडेथोडके नाहीत.

## टप्पा ७: मदत विभागात आधी शोधा, मग विचारा

चर्चेच्या जागेत तुमचा प्रश्न बहुतेक आधीच कुणीतरी विचारलेला असतो. असाइनमेंटचं नाव आणि एररमधले नेमके शब्द घालून शोधा. एररमधलं तुमच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक मात्र काढून टाका, ते दुसऱ्या कुणाच्या प्रश्नात असणार नाहीत. साइटचं आतलं सर्च निकामी असेल, आणि ते बऱ्याचदा असतं, तर सर्च इंजिनमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, लगेच विसर्गासारखं चिन्ह आणि मग कोर्सचा पत्ता लिहून तेवढ्याच साइटमध्ये शोधता येतं.

विचारायचं ठरलं तर चार गोष्टी लिहा: कोणती असाइनमेंट, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि आतापर्यंत काय करून पाहिलंत. एरर मजकूर म्हणूनच चिकटवा. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो कुणालाही कॉपी करता येत नाही. आणि पूर्ण उत्तर चिकटवू नका. बहुतेक कोर्समध्ये तो नियमभंग आहे. अडचण दाखवणाऱ्या चार-पाच ओळी वेगळ्या काढा. त्या वेगळ्या काढताना निम्म्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं, असा माझा अनुभव आहे.

पैसे, खातं, प्रमाणपत्र यांचे प्रश्न चर्चेत विचारून उपयोग नाही. तिथले लोक तुमच्यासारखेच शिकणारे असतात. त्यासाठी ‘सपोर्ट’ची वेगळी वाट असते, बहुधा पानाच्या अगदी तळाशी.

## टप्पा ८: आठवड्याची फेरी आणि निघतानाची आवराआवर

आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि फक्त तीन पानं उघडा: प्रगती, तारखा, सूचना. पाच मिनिटं पुरतात. असाइनमेंटमधली चूक सुधारली, मुदत वाढवली, चाचणी बदलली, हे सगळं सूचनांमध्ये येतं आणि ईमेल मात्र जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन पडते.

कोर्स संपत आला की:

१. प्रगतीच्या पानावर एकही ‘बाकी’ राहिलेलं नाही ना, ते ओळीने बघा. टक्केवारी ९८ वर अडकली असेल तर बहुधा एखादी बिनमार्कांची पाहणी किंवा न उघडलेलं पान राहिलेलं असतं. आणि प्रमाणपत्राला लागणारी अट मार्कांची आहे की पूर्णतेची, ते दुसऱ्या टप्प्यात पाहिलेल्या मार्कांच्या विभागणीच्या पानावर बघा.

२. खात्यातलं नाव प्रमाणपत्र तयार होण्याआधी तपासा. नंतर बदलून मिळेलच असं नाही.

३. सगळा कोड उतरवून घ्या. ऑडिटची मुदत संपली की धडे बंद होतात आणि पानातल्या एडिटरमध्ये लिहिलेला कोडही हाती लागेनासा होतो. एडिटरमध्ये ‘डाउनलोड’ नसेल तर एकेक उत्तर कॉपी करून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाते.

४. तो कोड गिटहबसारख्या कोड ठेवायच्या ठिकाणी सगळ्यांसाठी खुला करण्याआधी प्रामाणिकपणाचे नियम पुन्हा एकदा वाचा. असाइनमेंटची उत्तरं जाहीर करायला बरेच कोर्स मनाई करतात. तसं असेल तर रिपॉझिटरी (तिथली तुमच्या कोडची जागा) ‘प्रायव्हेट’ ठेवा. अंतिम प्रकल्प तुमचा स्वतःचा असतो, तो दाखवायला सहसा हरकत नसते.

५. पैसे दरमहा कापले जात असतील तर वर्गणी वेगळी बंद करावी लागते. प्रमाणपत्र मिळालं म्हणून ती आपोआप थांबत नाही. बंद केल्यावर येणारी ईमेल जपून ठेवा, आणि पुढच्या महिन्यात त्या तारखेला खातं एकदा बघा.